बाबांचं शेवटचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय, घरच्यांनी नेमकी कसली तयारी करायची?

धाकटी:

नमस्कार. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझे बाबा ६६ वर्षांचे. रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर. आधी रेडिएशनच्या २५ खेपा आणि त्याबरोबर केमोच्या गोळ्या, मग मोठं ऑपरेशन. गाठीसकट आतड्याचा तेवढा भाग काढला आणि वरचं आतडं खाली जोडलं. जोड भरून येईपर्यंत त्यावरून काही जायला नको म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला काढून पिशवी लावली. त्यानंतर चार महिने केमो. केमोने बोटांना अशा मुंग्या यायच्या की पिशवीची क्लिप त्यांना लावता यायची नाही, पण तरी कुणाला हात लावू देत नसत. न्हाणीघराची कडी लावून अर्धा-अर्धा तास आत. मागच्या आठवड्यात खालून डाय सोडून एक्सरे काढला. जोड पक्का आहे, कुठे गळत नाही. पिशवी बंद करायची तारीख मिळाली.

घरात सगळे याला 'शेवटचं ऑपरेशन' म्हणतात. सर्जन म्हणाले, मागच्या मानाने लहान आहे, तासाभराचं, चार-पाच दिवसांत घरी. दादाने लगेच पंधराव्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना घरी बोलवायचं ठरवलं. वहिनीने खोली नव्याने लावायला घेतली. आई मात्र काहीच बोलत नाही. विचारलं तर "होईल नीट" म्हणते आणि उठून जाते.

आणि बाबांचं एक वेगळंच झालंय. ते मोजणीदार होते. उभा जन्म शेतं, बांध, गटांच्या हद्दी मोजण्यात गेला. पिशवी आली त्या आठवड्यापासून त्यांनी वही घातली. तारीख, वेळ, किती मिलिलिटर, रंग कसा, घट्ट की पातळ. शाईच्या पेनाने, रकाने आखून. ११ महिन्यांत एक दिवस चुकला नाही, केमोच्या दिवशीसुद्धा. तारीख मिळाल्यापासून वही बंद आहे. मी विचारलं तर म्हणाले, "आता कशाला?"

अजून एक सांगायचंय, जे आम्ही घरात बोलत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री बाबा पूर्ण भ्रमात गेले होते. सलाईनची सुई उपटली, आईला ओळखेनात, "तू कोण? ऊठ इथून" म्हणून ओरडले. दोन-तीन दिवसांनी पूर्ववत झाले आणि त्यांना काही आठवत नसावं असं आम्ही धरून चाललो. मी, दादा आणि आई, तिघांनी ठरवलं की हा विषय काढायचा नाही. आता परत भूल, परत तीच खाट. विषय काढावा का? कसा? आणि बाकी तयारी काय करायची? सामानाची यादी दादाकडे आहे, तिची काळजी नाही. मला जे यादीत येत नाही ते विचारायचंय.

उंबरठा:

धाकटी, तुला अगं-तुगंच करते, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

आमच्या ह्यांचं अगदी हेच झालं, दोन वर्षांपूर्वी. तेच रेडिएशन, तोच जोड, तीच पिशवी. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: दादाला तो पंधराव्या दिवसाचा कार्यक्रम रद्द करायला सांग. पुढे ढकल असं म्हणत नाहीये, रद्दच कर. माणसं नंतर केव्हाही येतील.

आम्हीही 'शेवटचं, शेवटचं' म्हणत होतो. ऑपरेशन खरंच लहान होतं, पाचव्या दिवशी घरी आलो. आठव्या रात्री तीन वाजता हे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून रडत होते. ३४ वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना दोनदाच पाहिलंय, त्यातली ही एक वेळ. म्हणाले, "पिशवी बरी होती गं." त्या दिवशी ते १६ वेळा जाऊन आले होते. कातडी सोलवटली होती. पाण्याचा थेंब लागला तरी कळवळायचे. मला वाटलं ऑपरेशन बिघडलं. काहीही बिघडलेलं नव्हतं. असं होतं, एवढंच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्या आनंदात आमच्या कानात शिरलं नसेल.

कारण साधं आहे. रेक्टम म्हणजे साठवणीची जागा. तीच काढलीय. आता वरचं आतडं सरळ खाली येतं, त्याला साठवायची सवय नाही. रेडिएशनने आसपासचं सगळं कडक झालेलं असतं, आणि ज्या स्नायूंनी आपण रोखून धरतो ते तुझ्या बाबांचे ११ महिने बसून आहेत. त्यामुळे थोडं-थोडं, पुन्हा-पुन्हा, घाईने. एकदा जाऊन आलं की दहा मिनिटांत परत. कधी वारा सरेल की आणखी काही होईल हेच कळत नाही. डॉक्टर याला लार्स म्हणतात, लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम. २०१२ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी यासाठी पाच प्रश्नांची एक गुणपत्रिका केली, ० ते ४२. २० पर्यंत त्रास नाही असं धरतात, ३० आणि त्यापुढे तीव्र. आमचे हे पहिल्या महिन्यात ३९ वर होते, वर्षाने २४ वर आले. सगळ्यांना इतकं होतंच असं नाही, पण जोड जितका खाली आणि रेडिएशन झालेलं असेल, तितकी शक्यता जास्त. सर्जनना हाच शब्द वापरून विचार: जोड किती खाली आहे, आणि लार्स कितपत होईल? ते सांगतील. आपण विचारत नाही म्हणून राहून जातं.

तयारी तीन आठवडे आधी सुरू करण्यासारखी एकच आहे, ती म्हणजे तळाच्या स्नायूंचे व्यायाम. शौच रोखताना जे आवळतो ते आवळायचे, थोडा वेळ धरायचे, सोडायचे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण बहुतेक माणसं पोट नाहीतर मांड्या आवळतात. बाकीचं घरी आणून ठेवायचं. झिंक ऑक्साइडचं क्रीम पहिल्या दिवसापासून लावायचं, कातडी सोलायची वाट बघायची नाही. कागदाने पुसणं बंद, कोमट पाणी आणि मऊ कापडाने टिपून घ्यायचं. चोळायचं नाही. रात्री अंगाखाली घालायचे पॅड. इसबगोलने शौच बांधून येतं, लोपेरामाइडने आतड्याची घाई कमी होते, पण किती आणि कधी ते डॉक्टरांनीच सांगायचं.

वहिनी खोली लावतेय ना? खाट न्हाणीघराच्या जवळच्या भिंतीला लाव म्हणावं. आणि त्या न्हाणीघरावर काही महिने फक्त त्यांचा हक्क. आमच्याकडे मुलगा सकाळी आंघोळीला गेला की हे दाराबाहेर उभे राहून घामाघूम व्हायचे आणि संकोचाने हाक मारायचे नाहीत. ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

आणखी एक, जखमेचं. स्टोमाची, म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड काढलं होतं ती जागा पुष्कळदा पूर्ण शिवत नाहीत, थैलीचं तोंड दोरीने आवळावं तशी आवळून मधे छोटं भोक ठेवतात. आतून भरत येते, काही आठवडे लागतात. पहिल्यांदा पाहून मी घाबरले होते. तू घाबरू नकोस.

भ्रमाच्या रात्रीबद्दल मला अनुभव नाही, त्यावर कुणी जाणकार लिहील.

वॉर्डातली_ताई:

मी १७ वर्षं सर्जरी वॉर्डात नर्स आहे. उंबरठा ताईंनी घरचं लिहिलंय, मी इस्पितळातलं लिहिते.

त्या रात्रीला डिलिरियम म्हणतात. वय ६५ च्या वर असलं, मोठी सर्जरी, आयसीयू, झोप नाही, दुखणं, काही औषधं, शरीरातलं पाणी कमी, असं सगळं एकत्र आलं की होतो. वेड नाही, आणि माणसाच्या मनातलं खरं बाहेर आलं असंही नाही. हे आईंना नक्की सांगा.

एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून हे लपवायची गोष्टच नाही. भूलतज्ज्ञांना तपासणीच्या दिवशी स्वतःहून सांगा: कितव्या रात्री, किती दिवस, काय काय झालं. काही गुंगीची औषधं ते टाळतात, वेदनेचं नियोजन वेगळं करतात.

आता मला एक सांगा, बाबांना चष्मा किंवा कानाचं मशीन आहे का? आणि मागच्या वेळी ते कुठे होतं? हा प्रश्न मी प्रत्येक घराला विचारते. भूल उतरली की लगेच चष्मा डोळ्यांवर आणि मशीन कानात. समोर दिसेल असं घड्याळ. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि शांतता. ओळखीचा एकच माणूस रात्री जवळ, आळीपाळीने पाच जण नकोत. दर वेळी जवळ जाऊन आपण कोण, ते कुठे आहेत, किती वाजलेत ते साध्या शब्दांत सांगायचं. भलतं काही बोलले तर वाद घालायचा नाही.

पोटाचं म्हणाल तर या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त दिसतं ते आतडं काही दिवस सुस्त पडणं. पोट फुगतं, उलटी होते. म्हणून पहिल्याच दिवशी उभं करून चालवतो. घरच्यांनी "राहू द्या हो, आजच कशाला" म्हणायचं नाही. श्वासाचा व्यायाम आत्तापासून सुरू करा. उपाशी राहायचं ते सांगितलंय तेवढंच, जास्त नाही. साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी बंद, जड-तळलेलं त्याहूनही आधी, आणि नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ते खरं. रात्रीपासून कोरडं ठेवलेलं म्हातारं माणूस माझ्या डोळ्यांना लगेच कळतं. रोजच्या गोळ्यांचा कागद लिहून न्या. रक्त पातळ करणारी, बीपीची, डायबेटिसची, यातली कुठली किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या, मनाने नको.

आणि ती वही का थांबली ते आधी बघा. मला ते बरं वाटलं नाही.

प्रवासी:

मी पेशंट आहे. माझी पिशवी ९ महिने होती, बंद होऊन आता तिसरं वर्ष चालू आहे. बाबांच्या बाजूने लिहितो.

त्यांना आठवत असणार. सगळं नाही, तुकडे. मला माझ्या आयसीयूतल्या रात्रीचं छतावर सरकणारं पाणी आजही आठवतं. घरचे तो विषय टाळायचे आणि मी समजून चाललो होतो की मी काहीतरी अक्षम्य केलंय. विषय काढा. सगळ्यांनी मिळून घेरून नको, एकाने, चालता-चालता काढा. खाटेसमोर खुर्ची ओढून बसलात की पेशंट लगेच "मी ठीक आहे" म्हणतो.

दुसरं. पिशवीचा मला तिटकारा होता, पण ती माझ्या ताब्यात होती. केव्हा रिकामी करायची, किती भरली, सगळं मला ठाऊक. ती जाणार म्हटल्यावर भीती वाटली आणि ते सांगायची लाज वाटली, कारण सगळं घर आनंदात. त्यांना घाबरायला जागा द्या.

आणि 'शेवटचं' हा शब्द त्यांच्यासमोर कमी वापरा. यानंतरही तपासण्या आहेतच. सीईएची, म्हणजे कॅन्सर परत आलाय का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, शिवाय स्कॅन आणि कोलोनोस्कोपी. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री मी जागा असतो. घरचे "आता संपलं ना सगळं" म्हणाले की त्या रात्री कुणाशी बोलावं कळत नाही.

धाकटी (दोन दिवसांनी):

ताई, कानाचं मशीन आहे. मागच्या वेळी हरवू नये म्हणून मीच ते चष्म्यासकट घरी आणून कपाटात ठेवलं होतं. तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. म्हणजे ते चार दिवस बाबांना ना नीट दिसत होतं ना ऐकू येत होतं, आणि आम्ही लांबून "बाबा, बाबा" करत होतो.

काल संध्याकाळी बाबांबरोबर फिरायला गेले. दादाला येऊ दिलं नाही. प्रवासी काकांनी लिहिलं तसं चालता-चालताच म्हटलं, "बाबा, मागच्या वेळची ती रात्र मी भूलतज्ज्ञांना सांगणार आहे." ते चालत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी मोजणीवर होतो."

त्यांना आठवतंय. त्यांना वाटत होतं ते शेतात आहेत, साखळी टाकलीय, अंधार पडत चाललाय आणि कुणीतरी बाई येऊन त्यांनी ठोकलेल्या खुंट्या उपटतेय. मोजणी पहिल्यापासून करावी लागणार म्हणून ते तिच्यावर ओरडले. ती आई होती हे त्यांना दुसऱ्या दिवशी दादाच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. तेव्हापासून ११ महिने ते धरून बसलेत की आई त्यांच्यावर रागावलीय आणि आजारी माणसाला काय बोलायचं म्हणून गप्प आहे. आणि आई गप्प होती ती त्यांना आठवू नये म्हणून.

मी घरी येऊन आईला तेवढंच सांगितलं, "त्यांना खुंट्या उपटल्यासारखं दिसत होतं." आई आत गेली. दार लोटलं होतं, मी तिकडे गेले नाही.

वहीचंही कळलं. गेले दहा-बारा दिवस पिशवी फार भरतेय. ते डोक्यात मोजतात, लिहीत नाहीत. परवा अठराशे मिलिलिटर, त्याआधी दोन हजार. लिहिलं तर आम्ही डॉक्टरांना दाखवू, डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील, म्हणून वहीच बंद. पाणी भरपूर पितोय म्हणाले. पण पायात गोळे येतात आणि उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, हे मी खोदून विचारल्यावर सांगितलं.

वॉर्डातली_ताई:

हे वाचलंत की लगेच डॉक्टरांना फोन करा, उद्यावर नको. दिवसाला दीड-दोन लिटर जातंय, गोळे येतायत, अंधारी येतेय, म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही उतरलंय. सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आजच तपासून घ्या. नुसतं साधं पाणी पीत राहिलं की यात भरून निघत नाही, उलट पिशवीतून आणखी जातं. ओआरएसचं द्रावण सुरू करा, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते फोनवर नक्की सांगा, त्यातल्या काही अशा वेळी किडनीला जड जातात. लघवी किती आणि कुठल्या रंगाची होतेय ते विचारा. बाबांना माझा निरोप द्या: अशा अंगाने टेबलावर गेलं तर भ्रमाचा धोकाही वाढतो आणि किडनीचाही. तारीख गेली तरी दुसरी मिळते.

उंबरठा:

कळव गं काय झालं ते. फोन जवळ घेऊन बसलेय.

धाकटी (नऊ दिवसांनी):

उशिरा लिहितेय, माफ करा. त्याच संध्याकाळी नेलं. क्रिएटिनिन वाढलेलं, सोडियम आणि पोटॅशियम कमी. दोन दिवस ठेवून सलाईन दिलं, बीपीची एक गोळी बदलली, लोपेरामाइड सुरू केलं. आता पिशवीतून दिवसाला आठशेच्या आसपास जातंय आणि परवाचं क्रिएटिनिन जागेवर आलंय. ऑपरेशन १२ दिवसांनी पुढे गेलं. तारीख सांगताना सर्जन बाबांकडे बघून म्हणाले, "तुमची वही मला पाहिजे." बाबांनी घरी येताच मधले दिवस डोक्यात होते तेही भरून काढले, आणि कडेला एक नवा रकाना आखला: लघवी.

भूलतज्ज्ञांना मागचं सगळं सांगितलं, बाबांच्या समोरच. खुंट्यांचं त्यांनी स्वतः सांगितलं. लार्सबद्दलही विचारलं. जोड बराच खाली आहे, त्रास होईल, वर्षभर धरून चाला, असं सर्जन स्पष्ट बोलले. बाबा परत येताना गाडीत म्हणाले की आधीच ठाऊक असलं की बरं असतं, आणि मग व्यायाम दिवसातून किती वेळा करायचा ते दोनदा विचारलं.

दादाने कार्यक्रम रद्द केला. त्याला वाईट वाटलं, पण उंबरठा काकूंचं लिहिलेलं मी त्याला वाचायला दिलं. त्यानंतर त्याने न्हाणीघराच्या वाटेवर रात्रीचा दिवा बसवला आणि आत धरायला दांडी ठोकून घेतली. खाट त्या भिंतीला लागली आहे.

रात्री कोण थांबणार यावर जरा ओढाताण झाली. दादा म्हणाला मी, मी म्हटलं मी. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पहिल्या तीनही रात्री मी थांबणार आहे." बाबा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मशीनच्या जास्तीच्या बॅटऱ्या आत्तापासूनच तिच्या पर्समध्ये आहेत.